पिंजऱ्यासमोर कोणी बोलायचे?

प्राणिसंग्रहालयात येणाऱ्या लोकांना प्राण्यांची माहिती सांगणारे स्वयंसेवक कसे तयार करावेत, हा आपल्या साप्ताहिकाच्या पानांवर चर्चिण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न काही वाचकमित्रांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई आहे, बेकारी आहे, शेतमालाच्या भावाचा प्रश्न आहे, कंत्राटी कामगारांचे हाल आहेत. हे सारे सोडून वाघ-अस्वलांच्या पिंजऱ्यांकडे कशाला वळायचे? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देऊनच पुढे गेले पाहिजे.

उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कोणत्याही रविवारी भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या दरवाजाशी तासभर उभे राहावे. कागदोपत्री तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. पण मुंबईकराच्या तोंडी ती राणीची बागच राहिली. १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली आणि १८७३ पासून मुंबईच्या नगरपालिकेकडे आली. लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ साली उघडले तेव्हा ते विद्वत्संस्थेच्या सभासदांपुरते होते. सामान्य माणसाला तिकीट काढून आत जाण्याची मुभा १८४७ साली मिळाली. आपल्याकडे मात्र ही बाग फार लवकर सामान्यांची झाली. लालबाग, परळ, काळाचौकी, आग्रीपाडा, मदनपुरा येथल्या चाळींतून डबे बांधून निघालेल्या कुटुंबांनी तिला आपली मानले. गावाहून पाहुणा आला की त्याला चौपाटी दाखवायची आणि राणीची बाग दाखवायची, हा गिरणगावचा शिरस्ता होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले. पण रविवारची गर्दी आटली नाही.

शहरात श्रमिकांची कुटुंबे सहकुटुंब, स्वेच्छेने आणि कुतूहल घेऊन जेथे येतात अशा सार्वजनिक जागा आता किती उरल्या आहेत? सभेला बायका-मुले येत नाहीत. ग्रंथालयाच्या पायऱ्या चढण्याचा संकोच वाटतो. नवे मॉल आहेत, पण तेथे कुतूहलापेक्षा खिशाला अधिक मान. प्राणिसंग्रहालयात मात्र निरक्षर आजी आणि कॉलेजात जाणारा नातू एकाच पिंजऱ्यापुढे उभे राहून एकच प्रश्न विचारतात. लोकशिक्षणावर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी ही जागा मोकळी सोडावी काय? माझ्या मते सोडू नये, आणि म्हणूनच हा विषय आपला आहे.

आता या कुटुंबांच्या पदरात आज काय पडते ते पाहू. पिंजऱ्यापुढे एक पाटी असते. तिच्यावर प्राण्याचे नाव, शास्त्रीय नाव, तो कोठे आढळतो आणि काय खातो एवढे लिहिलेले असते. मूल विचारते, “बाबा, हा झोपलाय का?” बाबा पाटी पाहतात, तिच्यावर ते लिहिलेले नसते. मग ते शीळ घालतात, टाळ्या वाजवतात, एखादा शेंगदाणा फेकतात. प्राणी हलला की पैसे वसूल झाले आणि नाही हलला की फसवणूक झाली, अशी समजूत घेऊन कुटुंब पुढे सरकते. यात त्या बापाचा दोष नाही. त्याला उत्तर देणारे तेथे कोणी नव्हते, हा दोष आहे.

उत्तर देणारा माणूस तेथे असता तर काय घडू शकते, याचे एक उदाहरण देतो. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन राणीच्या बागेत आणले गेले. त्यांतील एक त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दगावला. मार्च २०१७ मध्ये हे दालन लोकांना खुले झाले आणि त्याच वर्षी बागेचे पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपयांवर गेले; आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला शंभर रुपये. एवढा पैसा मोजून आत गेलेले कुटुंब काचेपलीकडचा काळापांढरा पक्षी पाहते आणि बहुधा असा समज घेऊन परतते, की हा बर्फात राहणारा प्राणी आहे.

वस्तुस्थिती अशी की हम्बोल्ट पेंग्विन बर्फावर राहतच नाही. पेरू आणि चिली या देशांच्या उजाड, खडकाळ किनाऱ्यावर तो राहतो. तेथून वाहणारा समुद्राचा थंड प्रवाह त्याला मासळी पुरवतो. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतके साचलेले जाड थर त्या किनाऱ्यावर आणि बेटांवर होते. त्यांत बीळ कोरून तो अंडी घालत असे. या विष्ठेला ‘ग्वानो’ म्हणतात. ती उत्तम खत आहे, हे युरोपच्या ध्यानात आले आणि १८४० नंतर ती जहाजे भरभरून विलायतेच्या शेतांवर जाऊ लागली. ती खणायला चीनमधून हजारो मजूर करारावर आणले गेले आणि गुलामासारखे राबवले गेले. रत्नागिरीकडून मॉरिशसला गेलेल्या आपल्या गिरमिटियांचे ते समदुःखी. मजुरांची पाठ मोडली, व्यापारी गबर झाले आणि पेंग्विनचे घर खरवडून नेले गेले.

गोष्ट येथेही संपत नाही. १९७२ साली त्या किनाऱ्यालगतचे समुद्राचे पाणी तापले. या घटनेला ‘एल निनो’ असे नाव आहे. आधीच बेसुमार मासेमारी झालेली. त्यात हे संकट आले आणि पेरूचा अँचोव्ही माशांचा प्रचंड साठा कोसळला. त्याच वर्षी आपल्याकडे पावसाने दगा दिला. हवामानशास्त्रज्ञ या दोन्ही गोष्टींचा संबंध जोडतात. १९७२ चा दुष्काळ म्हटले की खडी फोडणाऱ्या बायाबापड्या ज्यांना आठवतात, ज्या दुष्काळाच्या लढ्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी हा पक्षी परका कसा राहील? बीडच्या कोरड्या विहिरीचे आणि पेरूच्या रिकाम्या जाळ्याचे नाते सांगणारा तो एक साक्षीदार आहे. हे सारे पाच मिनिटांत, सोप्या मराठीत किंवा हिंदीत, आजीलाही कळेल असे सांगता येते. पाटीवर ते मावणार नाही. त्यासाठी माणूस हवा.

हा माणूस कसा तयार करायचा, हाच खरा प्रश्न आहे. आपल्या राज्यातील एका प्राणिसंग्रहालयात अशा स्वयंसेवकांचा एक प्रशिक्षणवर्ग प्रस्तुत लेखकाने बसून पाहिला. वर्ग दोन दिवसांचा होता. व्याख्याने बव्हंशी इंग्रजीत झाली. पडद्यावर लॅटिन नावांच्या याद्या सरकत गेल्या. जमलेली मुले-मुली बुद्धिमान आणि सद्भावनेची होती, परंतु बहुतेक सारी सुखवस्तू घरांतली होती. ज्यांना शनिवार-रविवार मोफत देणे परवडते तेच येणार. शेवटी टोपी, सदरा आणि प्रमाणपत्र मिळाले. ज्या कर्मचाऱ्यांनी वीस-वीस वर्षे त्या प्राण्यांना खाऊ घातले होते, त्यांतल्या एकालाही व्यासपीठावर बोलावलेले नव्हते. त्यांतले दोघे दाराशी उभे राहून ऐकत होते. चहाच्या वेळी खुर्च्या हलवायला त्यांना आत बोलावले गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्यक्ष सराव झाला. तरसाच्या पिंजऱ्यापुढे एक तरुण मार्गदर्शक पाठ केलेली माहिती सांगत होता. ऐकणाऱ्यांत फेटा बांधलेले एक धनगर आजोबा होते. तरुणाचे बोलणे संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, “पोरा, ह्याची लेंडी पांढरी असते, ते सांगितलं नाहीस. हाडं खातो ना हा. मेलेलं जनावर हाच उचलतो, म्हणून रानात घाण राहत नाही.” आजोबांचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर होते, हाडांतील चुन्यामुळे तरसाची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते. पण तरुण गोंधळला, कसनुसा हसला आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळला. त्या वर्गाने त्याला बोलायला शिकवले होते, ऐकायला शिकवले नव्हते.

मला जे मुख्यतः म्हणायचे आहे ते हेच. प्राणिसंग्रहालयातला मार्गदर्शक म्हणजे अज्ञ जनतेला ज्ञान वाटणारा दाता, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. त्या गर्दीत धनगर असतात, कोळी असतात, ठाकर-कातकरी असतात, कोकणातून आलेल्या म्हाताऱ्या असतात. बिबट्याने गोठ्यातले वासरू नेलेले त्यांनी पाहिलेले असते. मारुती चितमपल्लींनी आपल्या कोशांसाठी पशुपक्ष्यांची नावे गोळा केली ती वनाधिकारी म्हणून रानात हिंडताना, तेथल्या माणसांकडून. ज्यांच्याकडून शब्द घ्यायचे त्यांनाच श्रोता म्हणून गप्प बसवायचे, हा कुठला न्याय? प्रशिक्षणाचा पहिला धडा म्हणून बोलण्याआधी विचारण्याचा असला पाहिजे: “तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात? तुम्ही पाहिलाय का?”

याचा अर्थ लोक म्हणतात ते सारे खरे मानायचे, असा मात्र नव्हे. साप दूध पितो, नाग डूख धरतो, मोराच्या अश्रूंनी लांडोर गाभण राहते, घुबड दिसले की घरात मरण येते, अशा कल्पना त्याच गर्दीतून ऐकू येतात. त्यांना हसून चालत नाही आणि खरे मानूनही चालत नाही. नागपंचमीला दूध पाजलेल्या नागाचे पुढे काय होते, तहानलेला प्राणी नाइलाजाने जे गिळतो ते त्याला कसे बाधते, हे समजावून सांगितले तर श्रद्धाळू माणूसही विचारात पडतो. रात्रभर उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य वाचवणारे घुबड अपशकुनी कसे, हा प्रश्न शेतकऱ्याला विचारला की तो स्वतःच हसतो. विवेकाचे शिक्षण उपदेशाने होत नाही, प्रश्नाने होते. सेवादलाच्या अभ्यासवर्गांत आणि विज्ञानाच्या लोकचळवळीत ज्यांनी काम केले आहे त्यांना हा अनुभव नवा नाही.

दुसरा धडा पाहण्याचा. उमेदवाराला पहिले काही रविवार तोंड उघडूच देऊ नये. वही-पेन्सिल देऊन एका पिंजऱ्यापुढे बसवावे आणि दर पाच मिनिटांनी प्राणी काय करतो ते लिहायला सांगावे. पिंजऱ्याच्या अलीकडचे लोकही त्याने पाहावेत: किती वेळ थांबतात, काय विचारतात, केव्हा दगड उचलतात. अशी वही भरली की त्याच्या ध्यानात येईल, की लोक शास्त्रीय नाव विचारत नाहीत. हा किती खातो, चावतो का, नर कोणता नि मादी कोणती, याला कोठून आणला, याला कंटाळा येत नाही का, असे ते विचारतात. या प्रश्नांची खरी उत्तरे ज्याला देता येतील तो मार्गदर्शक. आणि जेथे उत्तर ठाऊक नसेल तेथे “मला ठाऊक नाही, विचारून सांगतो” असे म्हणण्याचे धैर्य त्याला शिकवावे. आपल्या शाळा-कॉलेजांत हे धैर्य शिकवत नाहीत.

ही उत्तरे कोणाकडे असतात? मुख्यतः पिंजऱ्यावर रोज काम करणाऱ्या प्राणिपालाकडे. कोणत्या मादीने अन्न टाकले, कोणता नर पाठीमागून गेल्यास बिथरतो, आठवड्यातून एक दिवस वाघाला उपाशी का ठेवतात, हे त्याला ठाऊक असते. परंतु ज्याच्या वाट्याला शेणमूत काढण्याचे काम आले त्याच्यापाशी ज्ञान असू शकते, हे कबूल करायला आपला जातिग्रस्त समाज सहसा तयार नसतो. हात आणि डोके यांची शतकानुशतके केलेली फारकत प्राणिसंग्रहालयाच्या दारातही तशीच उभी आहे. म्हणून तिसरा धडा हा, की प्रशिक्षणाचे निदान अर्धे तास प्राणिपालांनी घ्यावेत, शिक्षक म्हणून घ्यावेत, आणि त्या तासांचा मोबदला त्यांना पगाराव्यतिरिक्त मिळावा.

चौथा धडा सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत महत्त्वाचा. तो खरे बोलण्याचा. वाघ पिंजऱ्यात सारखा येरझारा घालत असेल तर लोक विचारतात, “हा रागावलाय का?” तो व्यायाम करतोय, असे सांगून वेळ मारून नेता येते. पण एकाच वाटेवर तासन् तास येरझारा घालणे हे बंदिवासातल्या कोंडमाऱ्याचे लक्षण असते, असे शास्त्र सांगते. मार्गदर्शकाने ते सांगायचे की लपवायचे? मेलेल्या पेंग्विनविषयी कोणी विचारले तर विषय बदलायचा की घडले ते सांगायचे? व्यवस्थापनाला गोड बोलणारे प्रचारक हवे असतात. लोकांना शिक्षक हवे असतात. दोन्ही एकाच सदऱ्यात मावत नाहीत. आपण ज्यांना तयार करू त्यांनी पिंजऱ्याचे समर्थन करण्याची जबाबदारी घेऊ नये. मोकळ्या रानातल्या प्राण्याला पिंजऱ्यात ठेवण्याचा अधिकार माणसाला आहे काय, हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारलाच, तर त्याला गप्प न करता त्याच्याबरोबर तेथेच विचार करत उभे राहावे. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणानेही प्रेक्षकांच्या मनात वन्यप्राण्यांविषयी सहानुभूती जागवणे हे कर्तव्य मानले आहे. ज्याची वेदना लपवायची त्याच्याविषयी सहानुभूती कशी जागणार?

पिंजऱ्यावर दगड किंवा खाऊ फेकणाऱ्यांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली प्राणिसंग्रहालयांविषयीची कलमे आली. त्यांनुसार प्राण्यांना चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे, गोंगाटाने त्रास देणे हा अपराध आहे. शिटी फुंकून कायदा दाखवणे सोपे आहे. पण माकडाला शेंगदाणा देणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. मुक्या जीवाला घास देणे हे त्याच्या संस्कारात पुण्य असते. त्याला अपराधी ठरवण्याआधी, तो घास त्या जीवाला कसा बाधतो, हे सांगणारे कोणी तेथे हवे. जेथे असा माणूस असेल तेथे शिटीची गरज कमी पडेल.

आता आपल्या गोटातल्या एका आक्षेपाचा विचार करू. स्वयंसेवक नेमायचे म्हणजे पगारी जागा भरण्याच्या जबाबदारीतून महापालिकेला मोकळे करायचे, असे कामगार संघटनांतले मित्र म्हणतील. त्यांची भीती अनाठायी नाही. सेवेच्या नावाखाली फुकटचे श्रम उपटण्याची कला आपल्या सर्वच शासनसंस्थांना साधली आहे. अंगणवाडी सेविकांना आणि आशाताईंना विचारावे. म्हणून मर्यादा स्पष्ट आखली पाहिजे. साफसफाई, खाद्य, पहारा, तिकीट, शिक्षणाधिकाऱ्याचे काम ही पगारी माणसांची कामे आहेत. त्यांतले एकही स्वयंसेवकाने करू नये. रिकामी जागा भरली जात नसेल तर ती भरण्याची मागणी करण्यात त्याने कामगारांबरोबर उभे राहावे. संवाद हे त्याचे काम, आणि तेवढेच.

त्याचबरोबर, स्वयंसेवा ही केवळ सुखवस्तूंची हौस राहू नये. मदनपुऱ्यातली उर्दू शाळेतली मुलगी किंवा परळच्या चाळीतला बेकार तरुण मार्गदर्शक व्हायला हवा असेल, तर त्याला बसभाडे आणि दुपारचे जेवण मिळाले पाहिजे. ती मेहेरबानी नव्हे, दार उघडे असल्याची खूण आहे. पाच मिनिटांच्या गप्पांतून कुटुंबाशी नाते जुळते ते त्याच वस्तीची भाषा बोलणाऱ्याचे. म्हैसूरच्या १८९२ पासूनच्या प्राणिसंग्रहालयात शाळकरी मुलांना नियमित हाताशी धरून शिकवण्याची परंपरा आहे. मुंबई, पुणे येथे महापालिकांच्याच शाळा आहेत आणि महापालिकांचीच प्राणिसंग्रहालये आहेत. या दोहोंत पूल बांधायला कोणत्या परदेशी सल्लागाराची गरज आहे?

लोक मनावर घेतात तेव्हा काय होते याचे उदाहरण राणीच्या बागेतच आहे. २००७ च्या सुमारास बागेच्या पुनर्विकासाचा मोठा आराखडा पुढे आला. तेव्हा काही नागरिक, विशेषतः स्त्रिया, तेथल्या जुन्या वृक्षांसाठी उभ्या राहिल्या. त्यांनी निवेदने दिली, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी लोकांना झाडांखाली फिरवले; गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा दाखवला, उर्वशीचा फुलोरा दाखवला. ज्याला झाडाचे नाव कळले तो झाडाचा राखणदार झाला. प्राण्यांच्या बाबतीत हे का घडू नये?

आपल्या कार्यकर्त्यांपुढे म्हणून मी एक साधा कार्यक्रम ठेवतो. आपापल्या शहरात प्राणिसंग्रहालय असेल तेथे चार-पाच जणांनी एका पिंजऱ्यापुढची वही सुरू करावी. तीन महिने केवळ लोकांचे प्रश्न टिपावेत. मग ती वही घेऊन प्राणिपालांकडे जावे, त्यांच्याकडून उत्तरे समजून घ्यावीत आणि जी मिळाली नाहीत त्यांसाठी पशुवैद्यांना आणि प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठावे. मग महापालिकेकडे जाऊन प्रशिक्षणाची, प्राणिपालांच्या मानधनाची आणि स्वयंसेवकांच्या बसभाड्याची मागणी करावी. मागणीपत्राला ती वही जोडावी. लोकांच्या प्रश्नांनी भरलेली वही फेटाळणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जात नाही.

तो धनगर आजोबा त्या दिवशी कोणाशी न बोलता निघून गेला. त्याच्याजवळ आणखी काय काय सांगण्यासारखे होते, हे आता कोणाला कळणार नाही. पुढच्या वेळी असा कोणी आला तर त्याला थांबवून घेणारा, शेजारी बसवून विचारणारा एक तरी माणूस तेथे असावा. तो तयार करण्याचे काम आपले आहे.